दारू रक्तात सापडते, झोप कुठं सापडणार?

रेल्वेच्या दोन गाड्या एकमेकांवर आदळल्या की टीव्हीवर तासाभरात निकाल लागलेला असतो, ड्रायव्हर झोपला होता नाहीतर सिग्नलवाला चुकला. पण ड्रायव्हर झोपला होता हे सिद्ध करायचं म्हटलं तर महाकिचकट काम आहे बघा. दारू प्यायला असेल तर रक्तात सापडते, ड्युटीवर हजर होतानाच क्रू लॉबीत (ड्रायव्हर लोकांच्या हजेरीच्या खोलीत) मशीनमध्ये फुंकर मारायला लावतात, तिथंच पकडला जातो. झोपेची तशी कुठली टेस्टच नाही. अपघात झाला की त्या हादऱ्यानं माणूस खडबडून जागा होतो, आणि वाचला तर तासाभरानं डॉक्टर तपासतात तेव्हा तो सगळ्यांपेक्षा जास्त जागा असतो!

मग तपास करणारे काय शोधतात? तर जे घडलं नाही ते शोधतात. इंजिनात स्पीडची आणि ब्रेकची नोंद होत असते, स्टेशनात डेटा लॉगर असतो, त्यात कुठला सिग्नल किती वाजता लाल होता आणि गाडी त्याच्या पुढं कधी गेली ते सेकंदासकट लिहिलेलं असतं. ह्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. समजा ड्रायव्हर जागा होता पण अंदाज चुकला, तर शेवटी शेवटी का होईना इमर्जन्सी ब्रेक मारलेला दिसतो, हॉर्न दाबलेला असतो, नॉच (इंजिनाच्या ताकदीची पायरी) खाली घेतलेली असते. काहीतरी हालचाल असतेच. ब्रेकच निकामी झाला असेल तर लावल्याची खूण असते पण स्पीड उतरलेला नसतो. आणि जिथं पिवळा सिग्नल गेला (म्हणजे पुढं थांबायची तयारी ठेवा), लाल गेला, समोर दुसरी गाडी उभी दिसायला लागली तरी स्पीडची रेघ आहे तशी सरळ, ना ब्रेक ना हॉर्न, तिथं शंका येते की केबिनमध्ये डोळे उघडे असतील पण बघणारं कोणी नव्हतं.

डोळे उघडे असतील हे मी उगाच म्हणत नाहीये. लोंढ्याला आमच्या ओळखीतले एक रिटायर्ड ड्रायव्हर काका आहेत, त्यांना मी विचारलं की काका एवढा मोठा लाल दिवा दिसत कसा नाही वो? तर म्हणाले, "डोळं उघडंच असतंय बघ, सिग्नल पण दिसतोय, पण डोक्यात जात न्हाई." विज्ञानात ह्याला मायक्रोस्लीप म्हणतात. काही सेकंदांपुरता मेंदूचा काही भाग झोपेत जातो, कधी डोळे मिटतात कधी मिटत पण नाहीत, आणि त्या माणसाला नंतर आपण झोपलो होतो हे आठवत सुद्धा नाही. ताशी 100 किमीनं गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते, म्हणजे पंधरा सेकंदांची डुलकी लागली तर गाडी 400 मीटरच्या वर पुढं. आणि भरलेल्या मालगाडीला ब्रेक मारल्यावर थांबायलाच किलोमीटरभर लागू शकतं, त्यामुळं लाल दिसल्यावर जागं होऊन उपयोग नसतो, पिवळा दिसला तेव्हाच जागं असावं लागतं.

झोप येते ती दोन कारणांनी. एक म्हणजे जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जेवढा जास्त वेळ जागे तेवढा झोपेचा दाब जास्त (चहा-कॉफी ह्या रसायनाची जागा थोडा वेळ अडवून धरते, ते साठायचं काही थांबवत नाही). दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, ते मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर बसलेलं असतं आणि उजेडावर चालतं, ड्युटी चार्टवर नाही. पहाटे साधारण 2 ते 6 ह्या वेळात ते शरीराला पार खाली नेतं, अंगाचं तापमान पण तेव्हाच सगळ्यात कमी असतं. दिवसा आठ तास झोपून आलेल्या माणसाला पण पहाटे चारला जड जातं, आणि दिवसाची झोप तशीही अर्धवटच होते, पोरं, कुकरच्या शिट्ट्या, फोन, सगळं चालूच असतं. डॉसन आणि रीड ह्या संशोधकांनी 1997 साली नेचरमध्ये दाखवलं होतं की सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, आणि पूर्ण 24 तास जागा राहिला तर साधारण 0.10 टक्के. म्हणजे लॉबीतलं मशीन शून्य दाखवतंय आणि माणूस कामाच्या दृष्टीनं प्यालेलाच आहे, असं होऊ शकतं.

आता आपल्या जवळचं उदाहरण. 22 मे 2012 ला हुबळीहून बेंगळुरूला निघालेली हंपी एक्स्प्रेस पेनुकोंडा स्टेशनात उभ्या मालगाडीवर जाऊन आदळली, वीसच्या वर माणसं गेली, वेळ होती पहाटे तीन-सव्वातीनची. आणि 2 जून 2024 ला पंजाबात सरहिंदजवळ एक मालगाडी दुसऱ्या उभ्या मालगाडीला धडकली, ते पण पहाटेच, तिथं इंजिनातले दोघंही डुलकीत होते असं चौकशीत पुढं आलं. पण वेळ पहाटेची आहे म्हणून झोपच, असं धरून चालणं पण चूक आहे हं. पहाटे सिग्नल पण बिघडतात, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) पण चुकीचे लागतात. म्हणून तपासात दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतात, हा माणूस त्या वेळी थकलेला असण्याची शक्यता होती का, आणि असला तर त्या थकव्यामुळंच अपघात झाला का. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप हो होत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेतली एनटीएसबी ही अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था मागच्या 72 तासांचा हिशोब काढते. कधी झोपला, कधी उठला, फोन किती वाजता वापरला, ड्युटीचा कॉल किती वाजता आला, गोळ्या कुठल्या चालू होत्या, घोरतो का (हे बायकोला विचारावं लागतं, कारण झोपेत श्वास अडकायचा आजार असलेल्याला स्वतःला पत्ता नसतो). 2004 च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या मॅकडोना इथं पहाटे पाचच्या सुमारास दोन मालगाड्या धडकल्या, क्लोरीनची टाकी फुटली आणि तिघं गेले, त्यातले दोघं तर शेजारी राहणारे लोक. तिथं एनटीएसबीनं क्रूचा थकवा हे कारण दिलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, क्रूनं सुट्टीचा वेळ झोपेसाठी नीट वापरला नाही हे पण लिहिलं आणि कंपनीच्या ड्युटी लावायच्या पद्धतीमुळं झोपेचं चक्र उलटंपालटं होत होतं हे पण लिहिलं.

मला स्वतःला सगळ्यात शिकण्यासारखी केस वाटते ती कॅनडातल्या हिंटनची. 8 फेब्रुवारी 1986, सकाळी 8:40, चांगला उजेड, मालगाडी लाल सिग्नल ओलांडून सरळ समोरून येणाऱ्या पॅसेंजर गाडीवर गेली, 23 माणसं मेली. मालगाडीच्या पुढच्या इंजिनातले दोघंही गेल्यामुळं विचारायला कोणी नाही. जस्टिस फॉइसी ह्यांच्या आयोगानं मग त्या दोघांची झोप, तब्येत, ड्युट्या सगळं खणून काढलं. झोप जेमतेम काही तासांची, ड्युट्या कधी रात्री कधी पहाटे. पुढच्या इंजिनात पायानं दाबून धरायचं पेडल होतं, पाय निघाला की ब्रेक लागायचा, पण त्या काळात काही ड्रायव्हर त्यावर सरळ वजन ठेवून मोकळे व्हायचे आणि ते सगळ्यांना माहिती असायचं. त्यापेक्षा चांगलं यंत्र दुसऱ्या इंजिनात होतं, पण त्याची केबिन आरामशीर नव्हती म्हणून ते मागं जोडलेलं! फॉइसींनी एका माणसावर खापर फोडून फाईल बंद केली नाही, कामाच्या त्या सगळ्या पद्धतीवरच बोट ठेवलं.

आपल्या इंजिनात पेडलच्या जागी व्हीसीडी आहे, ड्रायव्हर जागा आहे का हे तपासणारं यंत्र. साधारण 60 सेकंद ड्रायव्हरनं कशालाच हात लावला नाही तर 8 सेकंद दिवा लुकलुकतो, मग 8 सेकंद बझर, तरी काही नाही तर ब्रेक. चांगलं यंत्र आहे, पण एकच बटण वर्षानुवर्षं दाबणाऱ्याचा हात अर्धवट झोपेत पण बरोबर तिथं जातो, तपासात हे फार घोळ घालतं कारण नोंदीत बटण दाबलेलं दिसतं आणि माणूस जागा होता असा अर्थ निघतो. झोप येते ती पण काम कमी असतं तिथं. गोव्याच्या वाटेवरच्या कॅसलरॉक ते कुळे घाटात चढ 37 ला 1 आहे (37 मीटर गेलं की 1 मीटर उंची), तिथं हात आणि डोकं रिकामं राहतच नाही, कोणाला झोप येत नाही. तिकडं घटप्रभा सोडून चिकोडी रोड, रायबाग, कुडचीकडं निघालं की सपाट रूळ, दोन्हीकडं ऊस, आणि रात्र, तिथं जड जातं. सीझनला त्याच भागात कारखान्याकडं ऊस ओढणारे ट्रॅक्टरवाले रात्रभर डोळे चोळत असतात, त्यांची तर 72 तासांची हकीकत कोणी विचारत पण नाही.

भारतात मोठ्या अपघाताची चौकशी कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी करतात, आणि ते रेल्वे खात्याखाली नाहीत, विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत, हे मला फार बरं वाटतं. अडचण वेगळीच आहे, मी झोपलो होतो असं कबूल केलं तर नोकरी जाणार हे माहीत असताना कुठला ड्रायव्हर खरं सांगेल? तो म्हणणार ब्रेक लागला नाही नाहीतर सिग्नल हिरवा होता. म्हणून अपघात व्हायच्या आधीच्या नोंदी जास्त कामाच्या. व्हीसीडीनं किती वेळा आपणहून ब्रेक लावला, कवच (गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा) बसवलंय तिथं त्यानं किती वेळा गाडी अडवली, किती वाजता, आणि त्या ड्रायव्हरची ती सलग कितवी रात्र होती, हे एकत्र मांडलं तर कुठली ड्युटी माणसाला झोपवते ते दिसेल. अमेरिकेत 2006 साली असंच केलं होतं, माणसाच्या चुकीनं झालेले 400 आणि इतर कारणांचे 1000 अपघात घेतले, प्रत्येकाच्या आधीच्या 30 दिवसांच्या ड्युट्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या, तर जसजसा हिशोबातला थकवा वाढतो तसतसे माणसाच्या चुकीचे अपघात वाढलेले दिसले, इतर कारणांचे तसे वाढले नाहीत. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर आपण ज्या गाड्यांसाठी ताटकळतो त्यांच्या क्रूच्या ड्युट्या पण कॉम्प्युटरवरच लागतात, त्यामुळं हा हिशोब हुबळी डिव्हिजनपुरता करून बघायला अवघड नाही.