थेट नगराध्यक्ष आणि टोरांटोचं उदाहरण

डिसेंबर २०२५ मध्ये रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ल्यात लोकांनी थेट नगराध्यक्ष निवडले. ‘कोकणचा कॅलिफोर्निया’ तर आपण कित्येक वर्षं ऐकतोय. अशा वेळी कॅनडातल्या टोरांटोची हकीकत माहीत असायला हवी. तिथला महापौर रॉब फोर्ड जगभर गाजला तो ड्रग्जमुळे. पण ते प्रकरण एका माणसाच्या बेतालपणापुरतं धरलं, तर खरं कारण नजरेआड होतं.

१९६७चं जागतिक प्रदर्शन आणि १९७६चं ऑलिंपिक, दोन्ही कॅनडातल्याच मॉन्ट्रियलला मिळालं. टोरांटोलाही जगाच्या नकाशावर यायचं होतं. १९७६ मध्येच तिथे ५५३ मीटर उंचीचा सीएन टॉवर उभा राहिला. १९८९ मध्ये उघडझाक होणाऱ्या छताचं स्कायडोम स्टेडियम आलं. त्याला सुमारे ५७ कोटी कॅनेडियन डॉलर लागले, त्यात सरकारी पैसाही होता. २००४ मध्ये ते अवघ्या अडीच कोटींना विकलं गेलं. १९९६ आणि २००८ ही दोन्ही ऑलिंपिकं मागूनही मिळाली नाहीत. दुसऱ्या खेपेला मतदानाच्या थोडंच आधी तेव्हाचे महापौर मेल लास्टमन यांनी आफ्रिकेच्या लोकांबद्दल अपमानास्पद विधान केलं आणि त्यांना माफी मागायची पाळी आली.

मधल्या काळात मूळ शहर आणि भोवतालची इटोबिको, स्कारबरो, नॉर्थ यॉर्क अशी पाच उपनगरं मिळून १ जानेवारी १९९८ला एकच महानगर झालं. १९९७च्या सार्वमतात तीन चतुर्थांशांहून जास्त मतदारांनी नाही म्हटलं होतं. प्रांत सरकारने ऐकलं नाही. माझ्या मते फोर्ड प्रकरणाचं मूळ इथे आहे. उपनगरांतल्या माणसाला वाटत राहिलं की कर आपण भरतो, बसची वाट आपण बघतो आणि झगमगाट मात्र मध्यवस्तीत होतो. इटोबिकोचा नगरसेवक फोर्ड नेमकं हेच बोलत होता. उधळपट्टी बंद करू, एवढ्या एका वचनावर २०१० मध्ये तो सुमारे ४७ टक्के मतं घेऊन महापौर झाला. उपनगरं त्याच्या मागे उभी राहिली, मध्यवस्ती विरोधात गेली.

त्याला पहिला अडसर झाला तो आधीच्या घोटाळ्यातून आलेला. लास्टमन यांच्या काळात संगणक भाड्याने घ्यायला ४.३ कोटी डॉलर मंजूर झाले आणि बिल जवळपास दुप्पट झालं. न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांची चौकशी बसली आणि पालिकेत लोकप्रतिनिधींच्या वागण्यावर नजर ठेवणाऱ्या सचोटी आयुक्ताचं पद आलं. नगरसेवक असताना फोर्डने पालिकेच्या लेटरहेडवर आपल्या फुटबॉल संस्थेसाठी देणग्या मागितल्या होत्या. ते ३,१५० डॉलर परत कर, असं याच आयुक्ताच्या अहवालावरून ठरलं. फोर्डने पैसे भरले नाहीत. उलट २०१२ मध्ये हाच विषय सभागृहात आल्यावर स्वतःच्याच बाजूने मत टाकलं. रक्कम किरकोळ होती, पण त्या मतापायी न्यायालयाने त्याचं पद रद्द केलं. २०१३च्या जानेवारीत अपिलात तो निकाल फिरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने क्रॅक कोकेन ओढल्याची कबुली दिली. तरी सभागृहाला त्याला काढता येईना. कायद्यात तशी सोयच नव्हती. शेवटी नगरसेवकांनी त्याचे बहुतेक अधिकार आणि कार्यालयाचा बराचसा पैसा काढून घेतला, पद तसंच राहिलं. २०१४ मध्ये कर्करोगामुळे त्याने महापौरपदाची उमेदवारी मागे घेतली आणि २०१६ मध्ये तो वारला.

आपल्याकडे थेट निवड पूर्वीही होती; ती २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हे राज्यात सत्ता कोणाची यावर ठरत आलंय, आणि हे मला गंभीर वाटतं. उपनगरांचा प्रश्नही आपल्या दारात आहे. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव ही गावं रत्नागिरीला चिकटलेली असूनही ग्रामपंचायतीतच आहेत. हद्दवाढीचा विषय निघाला की घरपट्टी वाढेल आणि पाणी येईल का, हेच तिथला माणूस आधी विचारतो. त्याचं उत्तर ठरावाआधी मिळायला हवं.

एका बाबतीत आपला कायदा वेगळा आहे. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ५५-अ गैरवर्तन, कर्तव्यात कसूर किंवा लांच्छनास्पद वर्तन यासाठी नगराध्यक्षाला पदावरून दूर करू देतं. तो अधिकार राज्य सरकारचा आहे, म्हणजे मालवणच्या नगराध्यक्षाची फाइल मंत्रालयात जाते. तिथे ती किती दिवस पडून राहील, यावर मालवणच्या मतदाराचा काही ताबा नाही.