डिजिटल मिश्रमाध्यम चित्रकला (बडोदे)

डिजिटल मिश्रमाध्यम चित्रकला : हाताने केलेले रंगकाम आणि संगणकावर घडवलेली प्रतिमा एकाच कलाकृतीत आणण्याची पद्धती. चित्रकार कागदावर किंवा कॅनव्हासवर काढलेले चित्र स्कॅन करतो, पडद्यावर त्यात भर घालतो किंवा त्याची मोडतोड करतो, ते छापून घेतो आणि छापावर पुन्हा कुंचला चालवतो. काही जण क्रम उलटा ठेवतात : आधी छायाचित्रे जुळवून पडद्यावर रचना, मग छाप, मग रंग. निव्वळ टॅब्लेटवर काढलेले चित्र या प्रकारात येत नाही, आणि पूर्ण झालेल्या तैलचित्राची हुबेहूब छापील प्रतही येत नाही. अंतिम कृतीत दोन्ही प्रक्रियांचे काम दिसले पाहिजे. भारतातील अनेक शहरांत ही पद्धती रुजली असली, तरी बडोद्यात (वडोदरा) तिला फार जुनी पार्श्वभूमी आहे. यंत्राने केलेले चित्र आणि हाताने केलेले चित्र या शहरात एकोणिसाव्या शतकापासून शेजारी शेजारी वाढले.

तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्याधिकार ग्रहणाच्या निमित्ताने १८८१ मध्ये राजा रविवर्मा बडोद्यास आले. पुढे महाराजांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरील चित्रमालिका करवून घेतली. ही चित्रे पाहायला लोटलेली गर्दी आणि प्रतींची मागणी यांमुळे तैलचित्रांच्या रंगीत छापांचा विचार बळावला. तो आधी सुचवला होता बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना मुंबईत उभा राहिला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे शिळाछपाईने, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून, लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे निघू लागली. घरोघरी पोचलेल्या या छापांवर लोकांनी स्वतःचे हात चालवले : देवीच्या साडीवर जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे चिकटवले. असे सजवलेले छाप आज संग्राहक जपून ठेवतात. यंत्राने दिलेली एकसारखी प्रत हाताच्या कामाने एकमेव करणे, हे आजच्या मिश्रमाध्यमाचे सूत्र तेव्हाच घराघरांत अमलात आले होते. या छापांना केवळ ‘कॅलेंडर-चित्रे’ म्हणून बाजूला सारणे योग्य नाही.

दुसरा धागा कलाभवनाचा. १८९० मध्ये सयाजीरावांनी स्थापन केलेल्या या तंत्रशिक्षण संस्थेची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. धुंडिराज गोविंद फाळके येथे तैलरंग आणि जलरंग शिकले, आणि त्याच आवारात छायाचित्रण व छपाईच्या प्रक्रियाही त्यांनी आत्मसात केल्या. पुढे त्यांनी रविवर्मांच्या छापखान्यासाठी फोटोलिथोचे, म्हणजे छायाचित्राच्या साह्याने शिळाछपाईचे, काम केले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. चित्रकाराने कॅमेरा आणि छापखाना हाताळणे म्हणजे कलेशी प्रतारणा, असा समज त्या काळच्या बडोद्यात तरी नव्हता.

शहरातल्या मराठी वस्तीने भित्तिचित्रांचा वारसाही दिला. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हा बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. त्याच्या भिंतींवर महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठा युद्ध असे विषय दाटीने रंगवले आहेत. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची मोठी भित्तिचित्रे आहेत. भिंत उचलून स्टुडिओत नेता येत नाही. तिच्यावरची आकृती, सुटलेला पोपडा, उतरलेला रंग कॅमेऱ्याने टिपून नव्या रचनेत आणता येतो, आणि अशा जागी छायाचित्राधारित मिश्रमाध्यमाचा खरा उपयोग होतो.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता. चित्रकला विभाग बांधला तो नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. इंदूरच्या मराठी घरातले बेंद्रे १९६६ पर्यंत येथे होते. येथेच शिकवणाऱ्या के. जी. सुब्रमण्यन यांनी लोककला, खेळणी, विणकाम आणि भित्तिचित्र यांना चित्रकलेच्या बरोबरीचे स्थान दिले. माध्यमांमध्ये उच्चनीचता मानायची नाही, ही शिकवण या शाळेतून बाहेर पडलेल्यांच्या अंगवळणी पडली. संगणक आला तेव्हा त्याला विरोध करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही, त्याचे कारण येथे आहे.

ज्योती भट्ट (जन्म १९३४) हे या वाटेवरचे आद्य नाव. मुद्राचित्रणात, म्हणजे ठशावरून चित्र छापण्याच्या कलेत, मुरलेल्या भट्टांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात-राजस्थानातील भिंतींवरची चित्रे, मांडणे (जमिनीवर व भिंतीवर रेखाटलेल्या नक्ष्या), रांगोळ्या, गोंदण यांची छायाचित्रे घेतली. त्या आकृती त्यांच्या मुद्राचित्रांत उतरल्या. नंतर त्यांनी होलोग्राम आणि संगणकीय चित्रेही केली.

गुलाममोहम्मद शेख (जन्म १९३७) यांची ‘मप्पामुंडी’ (मध्ययुगीन युरोपातील जगाचा नकाशा) चित्रे मात्र या पद्धतीचा सर्वांत भरीव नमुना मानावी लागतात. तेराव्या शतकातील, जर्मनीतल्या एब्स्टॉर्फचा जगाचा नकाशा मूळ रूपात आज नाही, दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात तो जळाला. त्याची प्रतिकृती शेख यांनी संगणकात घेतली, तिच्यातली स्थळे आणि आकृती हलवल्या, आणि मध्ययुगीन ख्रिस्ती जगाच्या त्या चौकटीत कबीर, मजनू, सुवर्णमृगामागे धावणारा राम यांना जागा दिली. छाप निघाल्यावर त्यावर गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंगांनी, काम केले. चित्र पाहताना छापलेला निळा कुठे संपतो आणि लावलेला निळा कुठे सुरू होतो हे पटकन कळत नाही. संगणकाने येथे नुसता वेग दिलेला नाही. एकमेकांपासून शतकांनी आणि खंडांनी दूर असलेल्या प्रतिमा एका पातळीवर आणण्याचे काम त्याने केले, आणि त्यांना एका जगाचे रहिवासी बनवले कुंचल्याने. बडोद्यातच शिकलेल्या पुष्पमाला एन. यांनी रविवर्म्यांची ‘लक्ष्मी’ स्वतः वेश धारण करून, रंगवलेल्या पडद्यासमोर उभी केली आणि तिचे छायाचित्र घडवले. तो मार्ग याला समांतर आहे.

प्रक्रियेतील पहिली पायरी चित्र संगणकात घेण्याची. छोटे जलरंग सपाट स्कॅनरवर चांगले येतात. जाड रंगाच्या कॅनव्हासला कॅमेराच लागतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावतात आणि तैलरंगाची चमक मारण्यासाठी दिव्यांवर व भिंगावर ध्रुवण-फिल्टर बसवतात. छापाचा आकार आधी ठरवावा लागतो. तीन फूट गुणिले दोन फुटांचा छाप इंचाला ३०० बिंदूंनी हवा असेल, तर फाइल १०,८०० गुणिले ७,२०० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ७ कोटी ७८ लाख पिक्सेलची होते. लहान फाइल ताणून मोठी केली की कुंचल्याच्या फटकाऱ्याची धार जाते, आणि शेजारी हाताने मारलेला खरा फटकारा ती उणीव लगेच उघडी पाडतो.

रंगांचा मेळ हा सर्वांत कठीण भाग. पडदा प्रकाश बाहेर टाकतो, कागद तो परावर्तित करतो. पडद्यावर झगमगणारा निळसर हिरवा किंवा तळपता केशरी छपाईच्या शाईत बसतच नाही. अनुभवी चित्रकार अशा ठिकाणी छापावर भिस्त ठेवत नाहीत. तो भाग मुद्दाम फिका छापून घेतात आणि खऱ्या रंगद्रव्याने भरतात. मिश्रमाध्यमातील श्रमविभागणी अशीच झाली पाहिजे : यंत्राला जे जमत नाही ते हाताने करावे. छापलेल्या प्रतिमेवर चार-दोन ढोबळ फटकारे ओढून तिला ‘हस्तनिर्मित’ ठरवण्याची चाल बाजारात दिसते. त्यात रंगाला काही कामच नसते, म्हणून असे चित्र उथळ राहते.

छापासाठी सुती कागद किंवा इंकजेटसाठी थर दिलेला कॅनव्हास वापरतात. शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, हवी. विरघळलेल्या रंगाची डाय-शाई पाण्याने पसरते आणि उजेडात लवकर विटते. रंगवण्यापूर्वी कडेला पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची सवय म्हणूनच लावतात. कॅनव्हासवरील थर ओलाव्याने उचकटू शकतो, त्यामुळे आधी वॉर्निशचा फवारा मारून तो पूर्ण वाळू देतात, आणि मग पाण्यात मिसळणारे, वाळल्यावर पक्के होणारे अ‍ॅक्रिलिक लावतात. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक लावले तर पुढे पोपडे सुटतात. थर न दिलेल्या कागदावर थेट तैलरंग लावल्यास भोवती तेलाचे वलय उमटते. लेझर छाप अ‍ॅक्रिलिक जेलवर पालथा चिकटवून, वाळल्यावर मागचा कागद ओल्या बोटांनी चोळून काढण्याची रीत स्वस्त आहे म्हणून विद्यार्थ्यांना सोयीची पडते. त्यात प्रतिमा उलटी उमटते, त्यामुळे अक्षरे असतील तर फाइल आधीच उलटवून घ्यावी लागते.

जतनाच्या दृष्टीने शाई, कागद, वॉर्निश आणि रंग यांचे आयुष्य वेगवेगळे असते, आणि बडोद्याचा कोरडा उन्हाळा व त्यामागून येणारा दमट पावसाळा त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात ताणतो. त्यामुळे चित्राच्या पाठीवर शाईचा प्रकार, कागद, वॉर्निश आणि तारीख लिहून ठेवणे गरजेचे ठरते. छापावर रंगकाम झालेले प्रत्येक चित्र एकमेव असले, तरी त्याच फाइलवरून आणखी किती काढली गेली हे खरेदीदाराला कळले पाहिजे. दुसऱ्याची प्रतिमा वापरताना कायदाही पाहावा लागतो. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार चित्रावरील लेखाधिकार (कॉपीराइट) चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा लेखाधिकार संपला आहे. बेंद्रे (मृत्यू १९९२) किंवा सुब्रमण्यन (मृत्यू २०१६) यांच्या चित्राचा तुकडा उचलायचा असेल, तर मात्र आजही परवानगीचा प्रश्न येतो.