हलक्या केंद्रकांची मोजणी : एका वजाबाकीचा इतिहास

लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन सूर्यात नावापुरतेच सापडतात. ताऱ्यांच्या पोटातल्या उष्णतेत ते टिकत नाहीत. वैश्विक किरणांत, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या अतिवेगवान कणांत, मात्र त्यांचे प्रमाण लाखो पटींनी जास्त आहे. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत उरकते. ती पक्की व्हायला 1950 चे अख्खे दशक गेले.

किरणांत प्रोटॉन-हेलियमखेरीज जड केंद्रकेही येतात, हे बलूनमधून वर नेलेल्या फोटोग्राफिक प्लेटांवरून 1948 मध्ये कळले. अभ्यासकांनी त्यांचे गट पाडले: लिथियम ते बोरॉन ‘एल’, कार्बन ते फ्लोरिन ‘एम’, त्यापुढचे ‘एच’. कार्बन-ऑक्सिजन आंतरतारकीय वायूवर आदळून फुटले की ‘एल’ तयार होतात. म्हणजे एल आणि एम यांचे गुणोत्तर कळले, की किरणांनी वाटेत किती द्रव्य ओलांडले तेही कळते.

वाद इथेच पेटला. एका गटाला ‘एल’ जवळजवळ सापडेनात. दुसऱ्या गटाच्या प्लेटांत ते भरपूर होते. बलून कितीही उंच गेला तरी त्याच्या वर थोडी हवा उरतेच, आणि त्या हवेतही कार्बन फुटून बोरॉन बनतो. त्यामुळे प्लेटवर दिसलेल्या बोरॉनमधून हवेत तयार झालेला वजा करावा लागे. किती वजा करायचा? त्यासाठी केंद्रके फुटण्याची शक्यता माहीत हवी, आणि तीही त्याच प्लेटांतल्या मोजक्या टकरींवरून काढलेली. शिवाय बोरॉन आणि कार्बन यांचे प्लेटवर उमटलेले माग सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच भासतात. मागाच्या कडेने फुटणारे बारीक डेल्टा किरण, म्हणजे धक्क्याने उडालेल्या इलेक्ट्रॉनांच्या रेषा, मोजूनच केंद्रकाचा विद्युतभार ठरवायचा. ही मोजणी प्रयोगशाळांतल्या तरुण मुली तासन्‌तास डोळे लावून करत. निबंधांवर नावे बहुतेक दुसऱ्यांची असत, याची नोंद इथे व्हायलाच हवी.

माझ्या मते दोन्ही गट प्रामाणिक होते. चूक होती ती वजाबाकीवरच्या विश्वासात. वर हवा फारच विरळ उरेल इतक्या उंचीवर प्लेटा जाऊ लागल्या, वजा करायचे थोडेच राहिले, आणि 1960 च्या सुमारास गुणोत्तर पाव ते तृतीयांशाच्या आसपास स्थिरावले. किरण दर चौरस सेंटिमीटरला काही ग्रॅम द्रव्य ओलांडून येतात, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

आपला सातारा भागही या कथेच्या जवळच आहे. साताऱ्याहून सरळ पूर्वेला गेले की हैदराबाद लागते, आणि तिथून वैश्विक किरणांसाठी अनेक बलून सुटले. या अक्षांशांवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे 17 गिगाव्होल्टपेक्षा कमी कणखरपणाचे (म्हणजे चुंबकीय क्षेत्रात सहज वळणारे) कण परतवून लावते. साताऱ्याच्या आकाशात येणारे कण म्हणूनच निवडक, जोरकस. कमी ऊर्जेच्या केंद्रकांसाठी ध्रुवांकडे जावे लागे. 1963 मध्ये कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून उडवलेल्या प्लेटांवर मुंबईतही काम झाले.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. बेरिलियम-10 चे अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षे. 1970 च्या दशकात उपग्रहांवरील उपकरणांना तो फार थोडा उरलेला दिसला. त्यावरून किरणांचे आकाशगंगेतले वय दीड-दोन कोटी वर्षे ठरले. 2011 पासून अवकाश स्थानकावरचा चुंबकीय वर्णपटमापक हीच केंद्रके मोजतो आहे. सुमारे 200 गिगाव्होल्टच्या पुढे त्यांच्या संख्येचा आलेख कमी उताराचा होतो, आणि कार्बन-ऑक्सिजनपेक्षा जास्त ठळकपणे, हे त्याने 2018 मध्ये दाखवले.

अवकाशात डोक्यावर हवा नाही, पण उपकरणाच्याच द्रव्यात कार्बन फुटतो. वजाबाकी तिथेही आहेच. गुणोत्तर आता काही टक्क्यांच्या अचूकतेने कळते. पण कार्बन फुटून बोरॉन होण्याची शक्यता अनेक ऊर्जांना 10 ते 20 टक्क्यांच्या अनिश्चिततेनेच माहीत आहे. युरोपातल्या त्वरकावर केंद्रकांचे झोत लक्ष्यावर आदळवून ती नव्याने मोजण्याचे काम त्यामुळेच सुरू झाले आहे.