सोनेरी घुमट आणि अल-अक्सा: जेरुसलेमच्या दोन वास्तू

जेरुसलेमची बातमी असली की सोबत बहुधा सोनेरी घुमटाचा फोटो असतो आणि खाली ओळ असते ‘अल-अक्सा मशीद’. फोटोतली वास्तू असते कुब्बत अस-सख्रा, म्हणजे शिळेवरचा घुमट. इमामामागे जुम्म्याची नमाज होते ती मशीद त्याच आवारात, अगदी दक्षिण टोकाला आहे. तिला किबली मशीद म्हणतात. तिचा घुमट शिशाच्या पत्र्याने मढवलेला, करडा, त्यामुळे तिच्याकडे पटकन लक्ष जात नाही.

रंग विसरलात तरी आराखड्यावरून दोन्ही ओळखता येतात. किबली मशीद लांबट चौकोनी आहे, आत खांबांच्या रांगांनी पाडलेली सात लांब दालने आणि दक्षिणेच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणारा कोनाडा. जमात, म्हणजे एकत्र नमाज पढणारा समुदाय, रांगा धरून उभी राहायची तर अशीच जागा लागते. कुब्बत अस-सख्रा अष्टकोनी आहे, प्रत्येक बाजू सुमारे 20 मीटर. तिच्या मधोमध सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद उघडी शिळा आहे, खाली छोटी गुहा. शिळेभोवती खांबांची दोन कडी आहेत, ती फिरून पाहण्यासाठी. मध्येच शिळा असल्याने मोठ्या जमातीच्या सलग रांगा तिथे लागत नाहीत. लोक तिथे नमाज पढतात, शुक्रवारी तर ती जागा प्रामुख्याने स्त्रियांसाठी असते. पण मुळात बांधली ती शिळेच्या सन्मानासाठी. मुस्लिम परंपरेनुसार पैगंबरांचा मेराज, म्हणजे स्वर्गारोहण, इथूनच झाला. ज्यू परंपरेत हीच सृष्टीची पायाशिला, आणि त्यांची प्राचीन मंदिरे याच टेकडीवर उभी होती.

वयातही फरक आहे. शिळेवरचा घुमट उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने बांधला. आतल्या कुफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतल्या) लेखात हिजरी 72, म्हणजे इ.स. 691-92 हे वर्ष आहे. पुढे अब्बासी खलिफा अल-मामून याने तिथे आपले नाव घातले, पण वर्ष बदलायचे राहिले आणि चोरी कायमची उघडी पडली! मूळ बांधणी आजही बरीचशी टिकून आहे. बाहेरच्या फरशा मात्र सुलतान सुलेमानच्या काळापासूनच्या ऑटोमन परंपरेतल्या आणि सोन्याचा आजचा मुलामा 1990 च्या दशकातला, जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या खर्चाने झालेला. किबली मशिदीचे नशीब असे नाही. भूकंपांनी ती पुन:पुन्हा पडली. आजच्या रचनेचा गाभा 1030 च्या दशकातल्या फातिमी पुनर्बांधणीचा. 1099 नंतर क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, तिचा राजवाडा केला, मग ती त्यांच्यातल्या टेम्पलर या लढाऊ पंथाच्या सरदारांचे ठाणे झाली. 1187 मध्ये सुलतान सलाहुद्दीनने शहर जिंकून ती परत मशीद केली आणि त्याच्या आधीचा शासक नूरुद्दीन याने घडवून ठेवलेला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचे व्यासपीठ, आत बसवला. 21 ऑगस्ट 1969 ला एका ऑस्ट्रेलियन माणसाने लावलेल्या आगीत तो जळाला. आज दिसतो तो नव्याने घडवलेला.

फोटोखालची ओळ दुरुस्त करताना उलटी चूकही होते: ‘सोनेरी घुमटाचा अल-अक्साशी संबंध नाही’ असे ठामपणे सांगितले जाते. कुराणाच्या 17 व्या सूरेच्या पहिल्या आयतीत ‘मस्जिद-ए-अक्सा’ येते, तेव्हा या दोन्हींपैकी एकही इमारत नव्हती. म्हणून अनेक मुस्लिम, आणि आवाराचा कारभार पाहणारा जॉर्डनचा वक्फ (धार्मिक विश्वस्त संस्था) ही, सुमारे 14 हेक्टरचे अख्खे आवार अल-अक्सा मानतात. मक्का आणि मदिना यांच्यानंतरचे तिसरे पवित्र स्थान हे आवार आहे. हिजरतीनंतरही, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेल्यावरही, सोळा-सतरा महिने नमाजेचे तोंड जेरुसलेमकडेच होते. अख्ख्या आवाराच्या अर्थाने दोन्ही घुमट अल-अक्सातच येतात.

तेव्हा बातमी आवाराची असेल तर सोनेरी घुमटाचा फोटो चालतो, ओळ मात्र ‘अल-अक्सा आवारातील कुब्बत अस-सख्रा’ अशी हवी. बातमी मशिदीच्या आत घडलेल्या गोष्टीची असेल, तर करड्या घुमटाचाच फोटो लावावा.