स्टेममधल्या विविधतेचे अभ्यास : पद्धत कशी जोखायची

स्टेम म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथ्स. या क्षेत्रांत कोण शिकतं, कोणाला नोकरी लागते, कोण टिकतं आणि कोण मधेच गळतं यावर जे अभ्यास होतात त्यांची पद्धत किती भरवशाची आहे हे तपासणं, एवढाच या नोंदीचा विषय. सगळ्यात जास्त काम झालंय ते बाई-पुरुष या मुद्द्यावर. जात, भाषा, गाव-शहर, अपंगत्व हे सगळं आपल्याकडे तितकंच लागू आहे पण त्याचा डेटा फार तुटपुंजा. असा कुठलाही रिपोर्ट हातात आला की निष्कर्ष नंतर वाचावा, आधी बघावं की मोजलं कोणाला आणि मोजणीतून सुटलं कोण.

पहिली गोची व्याख्येतच आहे. ठाणे-बेलापूर रोड आणि त्याच्या आसपासचंच उदाहरण घ्या. रबाळे एमआयडीसीतली क्वालिटी कंट्रोलची केमिस्ट, ऐरोलीच्या आयटी पार्कमधली टेस्टर, खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलची संशोधन संस्था) कॅन्सरवर पीएचडी करणारी मुलगी आणि वाशीच्या हॉस्पिटलातली लॅब टेक्निशियन, यातल्या स्टेममध्ये किती? तुम्ही नर्स आणि टेक्निशियन धरले की बायकांचा टक्का एकदम वर जातो. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२१ साली आरोग्यसेवा धरून मोजलं तर स्टेममध्ये बायका निम्म्या निघाल्या, पण नुसतं इंजिनिअरिंग बघितलं तर १५ टक्के. दोन्ही आकडे खरे, आणि ज्याला जो सोयीचा तो त्याने उचलायचा, असंच चालतं.

मग सॅम्पल. मी स्वतः असा एक सर्व्हे भरलाय, म्हणून सांगतो. एचआरचा गुगल फॉर्म टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, ऐरोली स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत उभ्या उभ्या भरला, 'इथे सर्वांना समान संधी मिळते असं वाटतं का', एक ते पाच, मी चार दाबलं आणि गाडीत चढलो. आमच्या टीममधली जी मुलगी बाळंतपणानंतर परत आलीच नाही ती त्या ग्रुपमधून कधीच बाहेर पडली होती, म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त तिच्याकडे होतं तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. आता ती घणसोलीला सोसायटीतच नववी-दहावीच्या मॅथ्सचे क्लास घेते, तिला नोकरी सोडलेली म्हणायचं की स्टेममध्येच आहे म्हणायचं हे त्या फॉर्मला माहीतच नाही. जे टिकले त्यांनाच विचारून 'सगळं बरं चाललंय' असा निष्कर्ष काढणं याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. यावर उपाय आहे, सोडून गेलेल्यांना शोधून विचारणं, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो म्हणून बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत.

'गळक्या पाइपलाइन'चं, म्हणजे शिक्षणापासून नोकरीपर्यंत दर टप्प्याला बायका गळत जातात याचं, गणित तर हमखास चुकीचं मांडलं जातं. भारतात सायन्स-टेक्नॉलॉजीच्या डिग्रीला सुमारे ४३ टक्के मुली आहेत असं सरकारी आकडे सांगतात, आणि २०१८ च्या सरकारी आकडेवारीत प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत बायका १६.६ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक म्हणतात की बाकीच्या गळल्या. अहो, पण आज शिकणारी मुलगी आणि आज सीनियर असलेली शास्त्रज्ञ या वेगवेगळ्या पिढ्या आहेत! त्या सीनियर बाई कॉलेजात होत्या तेव्हा वर्गात मुली किती होत्या तो आकडा हवा. शिवाय ४३ टक्क्यांत बीएस्सीच्या मुली भरपूर, त्यातल्या सगळ्यांना संशोधनात जायचंच होतं असंही नाही. गळती आहे, नाही असं कोण म्हणेल, पण ती नक्की किती आणि कुठल्या वळणावर हे कळायला एकाच बॅचचा वर्षानुवर्षं माग ठेवावा लागतो.

प्रयोगवाले अभ्यास जास्त पक्के मानले जातात. २०१२ साली अमेरिकेत सायन्सच्या १२७ प्राध्यापकांकडे लॅब मॅनेजरच्या पोस्टसाठी एकच अर्ज पाठवला, फरक फक्त नावात, काहींना जॉन, काहींना जेनिफर. जेनिफर कमी लायक ठरली आणि पगारही कमी सुचवला गेला. २०१५ मध्ये मात्र दुसऱ्या टीमने असिस्टंट प्रोफेसरच्या काल्पनिक निवडीवर प्रयोग केला तर बाईला दोनास एक पसंती. मग खोटं कोण? कोणीच नाही. पहिल्यातला उमेदवार मुद्दाम मध्यम ठेवला होता, दुसऱ्यातले अव्वल; आणि कागदावर निवडणं वेगळं, खऱ्या कमिटीत बसून निवडणं वेगळं.

आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल या संशोधकांनी पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्या लायकीचे पण वेगवेगळ्या नावांचे ४,८०८ अर्ज पाठवले, २००७ साली ते छापून आलं. मुलाखतीचा फोन येण्याचे ऑड्स (फोन येण्याचं न येण्याशी प्रमाण) सवर्ण हिंदू नावाला १ धरले तर दलित नावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. नंतर २००९ च्या दिल्लीतल्या एका अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून असा फरक सापडला नाही. पण दोन्हीकडे मोजलाय तो फोन. प्रमोशन, ऑनसाइट (परदेशी क्लायंटकडे जाणं), चांगला प्रोजेक्ट, हे काही त्यात येत नाही. आणि ठाण्यात हा प्रयोग करायचा तर अजून एक भानगड, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावं आपल्याकडे कितीतरी जातींत आहेत, नुसत्या आडनावावर रचलेला प्रयोग इथे लटपटणार.

राहिल्या मुलाखती. ज्या गोष्टी आकड्यात बसत नाहीत त्या इथे सापडतात, पण नाव गुप्त ठेवणार म्हणतात ते कितपत खरं ते बघा. एखाद्या छोट्या संस्थेच्या डिपार्टमेंटमध्ये दोनच बायका असतील आणि रिपोर्टमध्ये 'फिजिक्स, वय ३५ ते ४०, राखीव प्रवर्ग' एवढं छापलं तर नाव लिहायची गरजच काय, कॅन्टीनच्या पोऱ्यालाही कळतं कोण ते. त्या बाईलाही हे ठाऊक असतं, म्हणून रेकॉर्डर चालू असेपर्यंत ती 'सगळे खूप सपोर्टिव्ह आहेत' म्हणते आणि खरं काय ते बंद झाल्यावर, चहा पिताना सांगते.