लॅव्हनममधले जुने घर विक्रीला निघते तेव्हा : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या लॅव्हनम गावच्या घरांच्या जाहिराती बहुतेक सारख्याच असतात. ओकच्या उघड्या तुळया, माणूस आत उभा राहील एवढी शेकोटी, थोडी कललेली दर्शनी भिंत, आणि तळाशी बारीक अक्षरांत 'ग्रेड टू लिस्टेड', म्हणजे सरकारच्या संरक्षित यादीतले दुसऱ्या श्रेणीचे घर. घेणाऱ्याचा पुढचा सगळा खर्च या तळाच्या ओळीत दडलेला असतो.

गावाची आधीची कथा परिचित आहे. निळ्या रंगाचे जाड लोकरी कापड विणून लॅव्हनम गब्बर झाले, इतके की १५२०च्या दशकातल्या करवसुलीत ते इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत मोडत होते. पुढे हलक्या, स्वस्त कापडाची चलती आली. युरोपातून पळून आलेले विणकर कोल्चेस्टर शहरात स्थिरावले आणि लॅव्हनमचा धंदा बसला. घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा फारसा कुणाकडे उरला नाही. काहींनी लाकडी घराच्या तोंडाला विटांची भिंत लावून काळाबरोबर असल्याचा देखावा केला, बाकीचे आहे त्यात राहिले. तीनशेहून अधिक संरक्षित इमारती आज तिथे उभ्या आहेत त्या आधी या दारिद्र्यामुळे. कायदा फार नंतर आला.

घराचा सांगाडा ओकचा. चौकटींमध्ये काठ्यांचा कूड, त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा, वरून चुना. कोकणातले कुडाचे घर पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. माळ्यावर बॅटरी मारली की सांध्यांवर सुताराने कोरलेले रोमन आकडे दिसतात, कारण सांगाडा आधी जमिनीवर जुळवून मग उभा केला जाई. वासे काजळीने काळे असतील तर घर धुराड्याच्या आधीचे समजावे. तेव्हा आग दिवाणखान्याच्या मधोमध पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. अशा भिंतीला हवा लागते. विसाव्या शतकात अनेकांनी वरून सिमेंट थापले, ओल आत कोंडली आणि ओक कुजू लागला. सिमेंट उतरवून पुन्हा चुना लावणे हे आजच्या खरेदीदाराच्या वाट्याला येणारे नेहमीचे काम.

इमारतींची संरक्षित यादी करण्याची तरतूद १९४४ आणि १९४७च्या नगररचना कायद्यांनी आली. सुरुवातीला ती अगदीच मिळमिळीत होती. घर पाडायचे तर मालकाने दोन महिने आधी कळवायचे, आणि तेवढ्यात अधिकाऱ्यांनी हालचाल केली तर ठीक. आधी परवानगी, मग हात लावणे, हा नियम १९६८चा. १९७०मध्ये तिसरी श्रेणी रद्द झाली आणि १९८०मध्ये पश्चिम लंडनमधला एक नावाजलेला टायर कारखाना यादीत येण्याआधीच सुट्टीच्या दिवशी पाडला गेला. त्यानंतर सरकारने देशभरातल्या यादीच्या फेरतपासणीला वेग दिला. आजच्या नियमानुसार संरक्षण बाहेरच्या भिंतीपुरते नसते. आतला जिना, दारे, शेकोटी आणि आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामेही त्यात येतात.

खरा वाद मात्र कराचा आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवे. १९८४पर्यंत कोणत्याही घरातल्या बदलांवर व्हॅट लागत नसे. त्या वर्षी तो लागू झाला, पण संरक्षित घरांत परवानगी घेऊन केलेल्या बदलांना सूट राहिली. दुरुस्तीवर पूर्ण व्हॅट होताच. म्हणजे कुजलेली तुळई सांधली तर कर, नवा भाग जोडला तर करमाफी. जुने जपायला हा कायदा, आणि करात सवलत मिळते ती जुन्यात बदल करणाऱ्याला! वारशासाठी झटणारे लोक वर्षानुवर्षे म्हणत होते की दुरुस्तीवरचा कर कमी करा म्हणजे ही विसंगती मिटेल.

मार्च २०१२च्या अर्थसंकल्पात ती मिटवली गेली, पण उलट्या बाजूने. १ ऑक्टोबर २०१२पासून बदलांवरची सूटच काढून घेतली आणि सगळ्यालाच २० टक्के लागू झाले. श्रीमंत लोक संरक्षित वाड्यांना पोहण्याचे तलाव जोडून सवलत लाटतात, हे उदाहरण सरकारने पुढे केले. उदाहरण खोटे नव्हते. पण लॅव्हनमच्या दोन खोल्यांच्या घरात न्हाणीघर बसवणाऱ्याचा तलावाशी काय संबंध? त्याच्या ५०,००० पौंडांच्या कामाला १०,००० पौंड जास्त लागू लागले. चर्चनी आरडाओरडा केल्यावर त्यांच्यासाठीचे अनुदान वाढवले गेले, घरमालकांच्या हाती काही आले नाही. शिवाय नवे घर बांधणाऱ्याला आजही शून्य दर आहे. गावाबाहेरच्या शेतात नवी वसाहत उठते ती बिनकराची, आणि पाचशे वर्षांचा सांगाडा जपणारा कर भरतो. दोन वर्षे रिकामे पडलेले घर असेल तर बऱ्याच कामांवर ५ टक्के दर मिळतो. विक्रीला निघालेल्या जुन्या घरांच्या बाबतीत ही बाब आवर्जून तपासण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट खरेदीदाराला उशिरा कळते. परवानगीविना केलेला बदल हा गुन्हा आहे. खटला करणाऱ्यावर चालतो, पण बदल उलटवण्याची नोटीस घराच्या चालू मालकाला येते, आणि तिला कालमर्यादा नाही. १९८०च्या दशकात कुणीतरी बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या आज नव्या मालकाला स्वतःच्या खर्चाने काढाव्या लागू शकतात. जाहिरातीत 'नुकतेच नूतनीकरण' असेल तर सॉलिसिटर, म्हणजे खरेदीदाराचा वकील, आधी मंजुरीची कागदपत्रे मागतो. ती नसली की विक्रेता बऱ्याचदा विमा पॉलिसी पुढे करतो. त्यातून खर्चाची भरपाई मिळू शकते, खिडक्या मात्र बेकायदेशीरच राहतात.