खुळखुळा (क्रोटॅलॅरिया)

शिंबावंत (फॅबेसी) कुलातील क्रोटॅलॅरिया या प्रजातीतील झुडपांना आणि लहान रोपांना मराठीत खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. त्यांच्या शेंगा फुगीर व पातळ सालीच्या असतात. शेंग वाळली की आतल्या बिया सुटतात आणि वाऱ्याच्या झुळुकेने किंवा गुरांच्या धक्क्याने तान्ह्या मुलाच्या खुळखुळ्यासारख्या वाजू लागतात. ग्रीक भाषेत ‘क्रोटॅलॉन’ म्हणजे नाचताना हातात वाजवायच्या चिपळ्या. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या १७५३ च्या ग्रंथात आलेले प्रजातीचे शास्त्रीय नाव त्यावरूनच बनले आहे, आणि शेपटी वाजवणाऱ्या अमेरिकी रॅटलसापाच्या ‘क्रोटॅलस’ या नावाचे मूळही तेच आहे. एकमेकांची भाषा ठाऊक नसलेल्या लोकांनी या झाडाचे नाव त्याच्या आवाजावरून ठेवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण त्याची फुलेही काही कमी देखणी नाहीत.

जगाच्या उष्ण प्रदेशांत या प्रजातीच्या जवळपास ७०० जाती आढळतात आणि त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेतील आहेत. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्यापर्यंत सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर, सड्यांवर, पडीक रानांत आणि रस्त्यांच्या कडेला खुळखुळ्याच्या अनेक जाती फुलतात. क्रो. (क्रोटॅलॅरिया) रेट्युसा या जातीची फुले पिवळीधमक असून पाकळ्यांवर तांबूस-जांभळ्या रेषा असतात; क्रो. व्हेरुकोजा हिची फुले निळसर जांभळी, तर उत्तर ऑस्ट्रेलियाच्या वालुकामय भागात वाढणाऱ्या क्रो. कनिंगहॅमी हिचे हिरवट फूल चोचीने फांदीला लटकलेल्या इवल्या पक्ष्यासारखे दिसते. तेथील वाळवंटी प्रदेशातले आदिवासी या झुडपाच्या सालीच्या चपला करून तापलेल्या वाळूत वापरत.

फूल पतंगरूप, म्हणजे वाटाण्याच्या फुलासारखे असते. मागे उभी मोठी पताका, दोन्ही बाजूंना पंख आणि मध्ये जुळलेल्या दोन पाकळ्यांची नौका अशी त्याची रचना असते. या प्रजातीत नौकेचे टोक चोचीसारखे निमुळते झालेले असते. आतील दहा केसरदले एकमेकांस जोडलेली असून त्यांतील पाचांचे परागकोश लांबट व पाचांचे आखूड असतात. मधमाशी किंवा सुतार भुंगा पंखांवर बसला की त्याच्या भाराने नौका खाली दबते, आत साचलेले पराग पिचकारीच्या दट्ट्याने ढकलावेत तसे चोचीच्या टोकातून बाहेर येतात आणि कीटकाच्या अंगाला लागतात. हलक्या कीटकाला हे जमत नाही. त्यामुळे तागासारख्या जातीत दणकट माश्या व भुंगे आले नाहीत तर शेंगा फारशा धरत नाहीत.

ताग (क्रो. जन्सिया) ही या प्रजातीतील सर्वांत उपयुक्त जात. शहरी मराठीत ताग म्हटल्यावर पोत्यांचा ज्यूट डोळ्यांपुढे येतो, पण ती वनस्पती अगदी वेगळ्या कुलातील आहे; शेतकरी हिरवळीच्या खतासाठी ‘ताग पेरतो’ तेव्हा त्याला हीच पिवळ्या फुलांची जात अभिप्रेत असते. हिच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. पावसाच्या सुरुवातीला पेरलेले पीक सहा-सात आठवड्यांत फुलावर येऊ लागताच जमिनीत गाडतात. त्याहून उशीर झाला तर खोड काष्ठमय होते आणि लवकर कुजत नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या कमी करण्यासाठीही तागाचे पीक घेतात. पाण्यात कुजवलेल्या खोडांपासून निघणारा वाख दोर, जाळी आणि कागदासाठी वापरतात. संस्कृतातील ‘शण’ तो हाच, आणि मनुस्मृतीत क्षत्रियाचे यज्ञोपवीत शणाच्या सुताचे असावे असे सांगितले आहे. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये सनईच्या, म्हणजे तागाच्या, कळ्याफुलांची भाजी करतात. ग्वातेमालात आणि मेक्सिकोच्या दक्षिण भागात चिपिलिन नावाच्या जातीचा पाला रोजच्या जेवणात असतो.

मात्र या आहारोपयोगावरून बाकीच्या जातींविषयी अंदाज बांधणे धोक्याचे आहे. अनेक जातींत, विशेषतः बियांत, पायरोलिझिडीन गटातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी विषारी द्रव्ये, असतात. मोनोक्रोटॅलीन हे त्यांतील सर्वांत परिचित. मूळ द्रव्यापेक्षा यकृतात त्याचे रूपांतर होऊन बनणारे पदार्थ घातक असतात. ते यकृतातील बारीक शिरांच्या अस्तराला इजा करतात, शिरा बुजतात, यकृत सुजते आणि पोटात पाणी साचते. १९५० च्या दशकात जमैकात रानपाल्याचा काढा पाजलेल्या मुलांमध्ये डॉक्टरांनी हा विकार ओळखला. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात तो साथीसारखा पसरला, तेव्हा गोंदली या बारीक भरडधान्यात मिसळलेल्या खुळखुळ्याच्या बिया त्याला कारण ठरल्या. शेतातल्या तणाच्या बिया धान्यातून नीट निवडल्या गेल्या नाहीत, एवढ्यावरून माणसे दगावली. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात ही झुडपे खाल्लेले घोडे भान हरपल्यासारखे दिशाहीन चालत राहतात आणि शेवटी मरतात.

हेच विष काही कीटकांना हवे असते. युटेथिसा प्रजातीच्या पतंगांच्या अळ्या खुळखुळ्याच्या शेंगांतील बिया खाऊन अल्कलॉइड अंगात साठवतात. कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस आयस्नर व जेरल्ड माइनवाल्ड यांनी अमेरिकी जातीवर केलेल्या अभ्यासात दिसले, की असा पतंग जाळ्यात सापडला तर कोळी त्याला न खाता धागे तोडून मोकळे करतो. नर मीलनाच्या वेळी हे द्रव्य मादीला देतो आणि ती त्याचा काही भाग अंड्यांत उतरवते, त्यामुळे अंडीही सुरक्षित राहतात. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो या आपल्याकडच्या फुलपाखरांचे नर माद्यांना आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी हीच द्रव्ये गोळा करतात. त्यासाठी ते फुलांपेक्षा सुकलेल्या, मोडलेल्या फांद्यांवर आणि वाळक्या शेंगांवर उतरतात, पायांनी साल खरवडतात आणि सोंडेने रस ओढून घेतात. पाऊस ओसरल्यावर सह्याद्रीच्या पायथ्याला खुळखुळ्याच्या एखाद्या करपलेल्या झुडपावर अशी डझनावारी फुलपाखरे बसलेली दिसतात, आणि माणूस अगदी जवळ गेला तरी ती सहसा उडत नाहीत.